विवाह अर्ज क्रमांक ३१, सन १९६८

रकाना १ : अर्जदाराचे पूर्ण नाव

"हा तुमचा तिसरा दिवस," तांबोळी भाऊसाहेब म्हणाले. "एवढ्या वेळात माणूस वकील होऊन बाहेर पडतो."

खिडकीपलीकडे ते स्टुलावर बसले होते. मांडीवर १९७१ सालची नोंदवही. त्यांच्यामागे लोखंडी रॅक आणि रॅकवर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, थेट छताला टेकलेले. कोर्टात त्या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी हे कळलं की वहीच्या शेवटच्या पानांवर नावांची सूची असते, आणि सूचीत नाव असतं ते अर्ज करणाऱ्याचं.

भालचंद्र केशव गुरव. माझे वडील. आम्ही अण्णा म्हणायचो.

तांबोळींनी "भ"च्या पानावर बोट वरून खाली फिरवलं, मग खालून वर. त्यांनी मान हलवली. पासष्टपासून एकाहत्तरपर्यंतच्या सात वह्या झाल्या होत्या.

"नाही," ते म्हणाले. "नाव नाही म्हणजे प्रकरण नाही. हवं तर तसा दाखला देतो. अभिलेखात आढळून येत नाही. सही-शिक्क्यासह."

रकाना २ : अर्जदाराचे पक्षकाराशी नाते

तो दाखला मला नको होता. त्याचा अर्थ काय होईल, हे मला त्या खिडकीत उभ्या उभ्या समजलं.

गोष्ट दोन हजार तीन सालच्या मार्चमधली. अण्णा फेब्रुवारीत गेले. ते भूमापन खात्यात होते, आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या. आईने कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला, आणि उलट टपाली खात्याचं पत्र आलं. कै. गुरव यांच्या सेवापुस्तकात पत्नी म्हणून "सौ. इंदुमती" असं नाव नोंदलेलं आहे. आपण स्वतःला पत्नी म्हणवता. तरी पहिला विवाह संपुष्टात आल्याचा न्यायालयाचा आदेश तीस दिवसांत सादर करावा, अन्यथा आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येईल.

आई ते पत्र दोन दिवस उशाशी घेऊन होती. तिचं नाव लीलावती. बत्तीस वर्षांचा संसार. "म्हणवता" या शब्दावर तिचं बोट थांबायचं.

इंदुमती म्हणजे अण्णांची पहिली बायको. आमच्या घरात तिची गोष्ट एका ओळीची होती: मूल होईना, म्हणून आजीने अण्णांना तिला सोडायला लावलं. कोर्टातून रीतसर. मग माझ्या आईशी लग्न. कागद कुठे आहे हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि सेवापुस्तकातलं नाव का बदललं नाही, हे विचारायला आता ते नव्हते.

मी तेव्हा तीस वर्षांची, एका शाळेत इंग्रजी शिकवायची. रजा टाकून आले होते. एकोणीस दिवस उलटले होते.

"समजा सापडलंच," तांबोळी म्हणाले, "तरी तुम्हाला कसं देऊ? पक्षकाराशी नातं काय तुमचं?"

"मुलगी."

"कुणाची?"

"भालचंद्र गुरवांची. दुसऱ्या..." मी थांबले.

"म्हणजे त्रयस्थ." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रकान्यात जे लिहायचं तेच ते बोलत होते. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्रयस्थाने प्रतिज्ञापत्र करायचं, न्यायाधीशांसमोर कारण सांगायचं, दुसऱ्या बाजूला नोटीस जाते, तारखा पडतात. दोन-तीन महिने धरून चाला. पक्षकाराला मात्र नुसती सही पुरते.

"त्या बाई हयात आहेत?"

"आहेत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

रकाना ३ : पक्षकाराची सही

पत्ता आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता आणि कुणी उच्चारत नव्हतं. दोन तासांवरचा तालुका. स्टँडवर उतरून इंदुमतीबाई म्हटलं तर कुणाला कळेना, सरकारी दवाखान्यात होत्या त्या, असं म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, "सिस्टर म्हणा की." आणि नेऊन सोडलं.

दार उघडणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, उंच, केस बारीक कापलेले. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"कधी गेले?" एवढंच विचारलं.

मी सांगितलं. त्या आत गेल्या, पाणी घेऊन आल्या. टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र होतं आणि त्याखाली खात्याचं पत्र. अक्षरजुळणी, जावक क्रमांकाचा शिक्का, सगळं आईच्या पत्रासारखं.

"मलाही आलंय," त्या म्हणाल्या. "आपण कै. गुरव यांच्या पत्नी या नात्याने दावा करणार असल्यास कळवावे. मी पत्नी या नात्याने!"

"तुम्ही उत्तर दिलं?"

"अजून नाही."

मी तीन दिवसांची हकिकत सांगितली. सात वह्या, आढळून येत नाही, त्रयस्थ. सांगताना मला जाणवत होतं की माझा सगळा डाव मी त्यांच्यासमोर उघडा करतेय. कोर्टाने तो दाखला दिला असता तर कायद्याने अण्णांची विधवा ही बाई ठरली असती. माझी आई कोण ठरली असती, त्याला सभ्य शब्द नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुणाच्या नावाने शोधलंस?"

"अण्णांच्या."

"का?"

"अर्ज त्यांनीच केला होता ना?"

त्या हसल्या नाहीत. उठून चष्मा घेऊन आल्या. "कोरा फॉर्म आणलायस?" मी दिला. त्यांनी सरळ, टोकदार अक्षरात सही केली आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं : अर्जदार इंदुमती, सन १९६८.

"माझ्या नावाने बघ म्हणावं. मी केला होता."

मी एवढंच म्हणाले की आमच्या घरी वेगळं सांगतात.

"सांगू देत." त्या फॉर्मची घडी घालत होत्या. "हे बघ, मी कुणाची विधवा नाही. तेवढ्यासाठीच तर कोर्टात गेले होते. सही त्यासाठी दिली, तुझ्या आईसाठी नाही. तिच्याशी माझं काही वाकडं नाही आणि काही देणंघेणंही नाही."

"अर्जात कारण काय दिलं होतं?"

"कागद निघू दे. नुसतं तोंडी सांगितलं तर तुला खरं वाटायचं नाही. नक्कल मिळेल त्या दिवशी मला कळव. मी येते."

"तुम्हाला यायची गरज नाही, सही आहे."

"मी येते," त्या म्हणाल्या.

रकाना ४ : (कार्यालयीन वापरासाठी. अर्जदाराने येथे काही लिहू नये.)

तांबोळींनी "इ"चं पान काढलं आणि पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"माझी इथे सव्वीस वर्षं गेली," ते हळूच म्हणाले. "आणि मला सुचलं नाही."

रकाना ५ : कोणत्या कागदांची नक्कल हवी

निकालपत्र आणि हुकूमनामा. साक्षीपुरावे नष्ट झाले होते. तसले कागद ठरावीक वर्षांनी जाळतात. तातडीची फी भरली तरी सहा दिवस लागले. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी सिस्टर पहिल्या एसटीने आल्या, हातात कापडी पिशवी, पायात बूट. तांबोळींनी त्यांना उठून खुर्ची दिली. मला त्यांनी अशी खुर्ची कधी दिली नव्हती.

नकलेवर गोल शिक्का मारून त्यांनी कागद दोघींपैकी कुणाकडे द्यायचे याचा क्षणभर विचार केला. त्यांनी ते वाचले होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग ते सिस्टरना दिले, आणि सिस्टरनी मला.

कॉरिडॉरमध्ये लाकडी बाक होतं. शेजारी एक म्हातारं जोडपं जेवणाचा डबा उघडून बसलं होतं. मी पहिलं पान वाचलं. इंग्रजी, टाइप केलेलं, अक्षरं फिकट. अर्जदार इंदुमती, प्रतिवादी भालचंद्र केशव गुरव, भूकरमापक. विवाह रद्द करण्यात येत आहे. तारीख, नोव्हेंबर १९६९. माझ्या आईचं लग्न एकाहत्तरच्या मे महिन्यातलं. मी मोठा श्वास सोडला. जिंकलो होतो. आई बायको होती, पहिल्या दिवसापासून, कायद्याने.

मग दुसरं पान.

मी मनातल्या मनात मराठी करत वाचत होते, आणि एका ओळीपाशी मराठी करायची थांबले. विवाह रद्द होण्याचं कारण : प्रतिवादी विवाहाच्या वेळी वैवाहिक संबंधांस असमर्थ होता व अर्ज दाखल होईपर्यंत तसाच राहिला. प्रतिवादीने न्यायालयासमोर उपस्थित राहून हे मान्य केलं आहे. न्यायालयाने त्यास दोनदा विचारणा केली. त्याने दोन्ही वेळा होय म्हटलं.

मी परत वाचलं. मग पान पालथं करून मांडीवर ठेवलं.

मला आठवतं, त्या वेळी मी अण्णांचा विचार केला नाही, आईचाही नाही. मी त्र्याहत्तरमधली माझी जन्मतारीख मनात म्हणत होते. माझ्या पाठचा भाऊ हेमंत, शहात्तर.

"वाचलंस?" सिस्टर म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"काय वाटलं?"

"मग आम्ही कोणाची?" माझा आवाज चमत्कारिक निघाला. शेजारच्या म्हातारीने वर पाहिलं.

सिस्टरनी बाकावर माझ्याजवळ सरकून आवाज खाली आणला. त्या बोलत होत्या ती दवाखान्यातली भाषा होती, नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात तशी.

लग्नानंतर सातव्या महिन्यात त्यांना दिवस गेले होते. तिसरा महिना होता. विहिरीवरून पाणी वाहून आणणं सासूबाईंनी बंद केलं नाही आणि डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. मूल पडलं. पुढे दोन महिने रक्त जात राहिलं. दवाखान्यात अखेर पोचल्या तेव्हा तिथल्या मेट्रननी जगवलं. आणि मग म्हणाल्या, बरी झालीस की इथेच शीक. घरी परत गेल्यावर सासूबाईंनी गावभर सांगितलं की सून वांझ आहे.

"ते काही बोलले नाहीत?"

"आईपुढे? त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. माणूस वाईट नव्हता गं. रात्री माझे पाय चेपायचा आणि सकाळी गप्प. मी म्हटलं, मला जायचंय. नर्सिंगला. आणि नुसतं माहेरी जाऊन बसायचं नाही, मोकळं व्हायचंय. ते म्हणाले, बरं."

वकिलाने मात्र डोक्याला हात लावला होता. तेव्हा दोघांच्या संमतीने काडीमोड मिळत नसे. नवऱ्याला महारोग हवा, वेड हवं, नाहीतर उघड दुसरी बाई. यांच्यापाशी यातलं काही नव्हतं. वकील म्हणाला, एकच कलम उरतं, पण ते कुठलाही पुरुष कबूल करणार नाही.

"मी उठून निघाले होते," सिस्टर म्हणाल्या. "तुझे अण्णा म्हणाले, बस. मी सांगतो तसं कोर्टात."

कॉरिडॉरमध्ये पुकारा झाला. कुणाचं तरी नाव तीनदा घेतलं गेलं. सिस्टर तो संपेपर्यंत थांबल्या.

"न्यायाधीशांनी दोनदा विचारलं ते खरंय. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मागे बसलेली माणसं हसली. गावातलीही होती दोघं-तिघं. तरी ते होय म्हणाले. घरी आईपुढे ज्याला 'पाणी मी आणतो' म्हणता आलं नाही, तो भर कोर्टात एवढं म्हणाला. मला अजून त्याचा हिशेब लागत नाही."

मग त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघतात तसं.

"आता नीट ऐक. हे खोटं होतं, हे कुठे बोलायचं नाही. तुझ्या आईनेही नाही. बोललात तर कोर्टाला फसवून घेतलेला हुकूमनामा म्हणून कुणीही बोट ठेवेल, आणि मग मी परत त्यांची बायको. कागद द्यायचा तर असाच द्यायचा. वर एक अक्षर सांगायचं नाही."

"लोक काय समजतील?"

"ते समजायचं तेच समजतील," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी आले. सहीने नुसता कागद मिळाला असता."

रकाना ६ : नक्कल कशासाठी हवी

आई भाजी निवडत होती. मी समोर बसले. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणजे ती ओळ मला माझ्या तोंडाने म्हणावी लागणार होती.

पहिलं पान सांगितलं. तारीख सांगितली. तिचे डोळे भरून आले. मग मी दुसरं पान हातात घेतलं आणि म्हटलं, "आई, यात कारण लिहिलंय."

"मला माहीत आहे."

मी पान खाली ठेवलं.

"बघायला आले होते तेव्हा अंगणात मला एकटीला सांगितलं होतं. म्हणाले, पुढे कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. असं असं मी कोर्टात बोललोय, ते खरं नाही, पण खरं नाही हे मी कुणाला सांगू शकत नाही. तुमचा विश्वास बसत नसेल तर नकार द्या, मी रागावणार नाही." आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तुझ्या आजोबांना मी काही बोलले नाही. होकार दिला."

"आणि ती आजीची गोष्ट? मूल होईना म्हणून सोडलं, ती?"

"सासूबाई होत्या तोवर तीच चालू होती. त्या गेल्यावर दुसरी कुठली सांगणार? ही तर सांगता येत नव्हती."

सेवापुस्तकाचं उत्तर मला तिथे मिळालं. नाव बदलायचं तर अण्णांना हाच कागद जोडावा लागला असता. त्यांच्या खात्यात, त्यांच्या टेबलाशेजारच्या टेबलावर. बत्तीस वर्षं त्यांनी तो तिथे जाऊ दिला नव्हता. कोर्टात एकदा बोलणं वेगळं, आणि रोज सकाळी दहाला त्याच माणसांत जाऊन बसणं वेगळं.

"नको देऊया," मी म्हटलं. "माझा पगार आहे. हेमंतचा आहे. कशाला हवंय ते?"

"ते नकोच आहे मला." आई म्हणाली. "पण मग मी तिथे कोण म्हणून राहीन?"

तीन दिवस उरले होते. आईने त्यातले दोन घेतले. हेमंतचा फोन आला तर तिने तो मला दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून तयार होती.

लागू नसलेले रकाने खोडावेत

खात्यात अधीक्षकाच्या खुर्चीवर चिकोडे होते. नोकरीला लागले तेव्हा अण्णांबरोबर मोजणीला जायचे, अण्णांच्या हाताखाली साखळी धरायचे. ते उठून उभे राहिले, "या वहिनी," म्हणाले, खुर्ची पुढे ओढली. आजूबाजूला चार टेबलं. चारही माणसं अण्णांना ओळखणारी. कुणी अण्णांच्या तेराव्याला येऊन जेवलेलं.

आईने पाकीट दिलं.

चिकोडेंनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "झालंच की काम. आधीची तारीख आहे. मग गुरवसाहेबांनी हे आधी का नाही..." आणि पान उलटलं.

त्यांचं इंग्रजी बेताचं असावं. ओठ हलत होते. मग ओठ थांबले.

मी आईकडे पाहिलं. तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या टेबलावरचा माणूस काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने आमच्या मागे येऊन उभा राहिला होता. चिकोडेंनी मान वर केली, नजर आधी आईवर गेली, मग माझ्यावर आली, आणि माझ्या चेहऱ्यावर एक क्षण जास्त थांबली. मी ती नजर नंतर कित्येक वर्षं वेगवेगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले.

ते खाकरले. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, पहिल्या पानावर सगळं आलंय. दुसरं नाही लावलं तरी मी बघतो. माझ्या जबाबदारीवर."

ते मनापासून बोलत होते. मी जवळजवळ हो म्हणणार होते.

"पूर्ण लावा," आई म्हणाली. "अर्धा कागद लावला तर उरलेला लोक आपल्या मनाने लिहितात."

चिकोडेंनी टाचणी घेतली. दोन्ही पानं अर्जाला जोडली. मग पेन उघडून उरलेले रकाने भरायला घेतले, एकेक विचारत. मृताचे नाव. मृत्यूचा दिनांक. पत्नीचे नाव. लीलावती भालचंद्र गुरव, आई म्हणाली. विवाहाचा दिनांक. तिने तो तिथीसकट सांगितला.

पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. ते वर बघेनात. मागच्या माणसाची चाहूल थांबली होती. रकान्यात काय छापलंय हे मला उलट्या बाजूनेही वाचता येत होतं : मृतापासून झालेली अपत्ये.

"वहिनी," चिकोडे म्हणाले, "हे मला... विचारावं लागतं."

आईला तिथे काहीही समजावून सांगता येणार नव्हतं. अंगण नाही, विहीर नाही, ते दोनदा होय म्हणणं नाही. ती खुर्चीत थोडी पुढे सरकली आणि शाळेत हजेरी घेतात तशा स्वच्छ, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दोन. लिहून घ्या. उज्ज्वला भालचंद्र गुरव. हेमंत भालचंद्र गुरव."

चिकोडेंनी लिहिलं.